सोडून दिलेले प्रांत

२०२१च्या मे महिन्यात माझा भाचा माझ्याकडे कोथरूडला अडकून पडला होता. बेंगळुरूला परत जाण्यात अर्थ नव्हता, कंपनीचं काम घरूनच चाललेलं. बाहेरच्या करोनाच्या बातम्या जीव घाबरा करणाऱ्या. दिवसभर त्याच्या मीटिंगा आणि माझे फोन, कुणाला खाट मिळाली का, कुणाला इंजेक्शन मिळालं का. रात्री जेवणं झाली की तो लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये बसायचा आणि मी शेजारी स्वेटर विणत. एका रात्री त्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "मावशी, चौथ्यांदा बुडालो. या वेळी तर शत्रू यायच्या आधीच."

शत्रू यायच्या आधी कोणी कसं बुडतं, हे मी त्याला विचारलं. त्या प्रश्नातून पुढचे तीन महिने आम्ही दोघांनी मिळून एक साम्राज्य चालवलं. मी बँकेत तेहतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्ज आणि वसुली या खात्यांत. आजारी खाती मी पुष्कळ पाहिली आहेत. पण इतकं मोठं, इतकं देखणं आणि इतकं आजारी खातं माझ्यासमोर कधीच आलं नव्हतं.

खेळाचं नाव 'रोम : टोटल वॉर'. इंग्लंडमधल्या हॉर्शम गावच्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने तो २००४ मध्ये काढला. एका बाजूला नकाशा, त्यावर शहरं, रस्ते, सैन्यं, वकील, हेर. दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष रणांगण, तिथे हजारो सैनिक एकाच वेळी पडद्यावर धावतात. त्या काळात हे इतकं नवं होतं की बीबीसीने 'टाइम कमांडर्स' या कार्यक्रमात याच खेळाचं यंत्र वापरून लोकांकडून प्राचीन लढाया पुन्हा लढवून घेतल्या. मूळ खेळ इसवी सनपूर्व २७० मध्ये सुरू होतो. रोम तरुण आहे, शेजारी दुबळे आहेत, एक शहर जिंकलं की त्याच्या पैशातून दुसरं जिंकता येतं. भाच्याने तो शाळेत असतानाच खेळून संपवला होता. चढत्या आलेखाचा खेळ आहे तो.

मग २००५ मध्ये त्याची पुरवणी आली, 'बार्बेरियन इन्व्हेजन'. नकाशा थोड्याफार फरकाने तोच, पण साल ३६३. साम्राज्य दोन तुकड्यांत विभागलेलं, पूर्व आणि पश्चिम. खेळणाऱ्याला फ्रँक, सॅक्सन, गॉथ, हूण, इराणचे सासानी यांच्यापैकी कोणीही होता येतं, पण ज्याला स्वतःची परीक्षा घ्यायची आहे तो पश्चिम रोम निवडतो. ब्रिटनपासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत सगळं आपलं. भाच्याने पहिला पडदा दाखवला तेव्हा मला वाटलं, इतकं सगळं हातात असताना हरायचं कसं? त्याने एक खेळी पुढे ढकलली. वर्षाला दोन खेळ्या, उन्हाळा आणि हिवाळा. आकडा खाली आला. आणखी एक. आणखी खाली. मग खजिना उणे झाला, आणि उणे खजिन्यात इथे ना एक सैनिक भरती होतो, ना एक वीट चढते. त्याच वेळी चार शहरांतून बंडाच्या बातम्या आल्या.

मी त्याला म्हटलं, "लढाया नंतर बघू. आधी मला जमाखर्च दाखव."

तिथेच पहिली गाठ सुटली. खेळात प्रत्येक शहराचं उत्पन्न वेगळं दाखवतात. रोम, कार्थेज ही मोठी शहरं भरमसाट तोट्यात दिसत होती आणि कुठल्याशा कोपऱ्यातली लहान गावं नफ्यात. भाच्याने त्यावरून ठरवलं होतं की मोठी शहरं ओझं आहेत. त्याने मागच्या दोन डावांत नेमक्या त्यांच्याच गुंतवणुका थांबवल्या होत्या. मला मात्र ते आकडे ओळखीचे वाटले. आमच्याकडे मुख्य कचेरीचा खर्च शाखांवर वाटून टाकायचे. ज्या शाखेच्या ठेवी मोठ्या, तिच्या माथी मोठा वाटा. कागदावर ती शाखा तोट्यात दिसायची, आणि खरं म्हणजे सगळी बँक तिच्या जिवावर चाललेली असायची. इथेही तेच होतं. सगळ्या सैन्याला पोसण्याचा एकूण खर्च शहरांवर त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटलेला होता. रोम तोट्यात नव्हतं, रोमच्या नावावर ऱ्हाइन नदीकाठच्या शिपायांचा पगार टाकलेला होता. तो बाजूला काढला की खरं चित्र दिसत होतं. भूमध्य समुद्राकाठची शहरं, म्हणजे इटली, आफ्रिका, दक्षिण स्पेन, व्यापारावर आणि शेतीवर साम्राज्य पोसत होती. उत्तरेचे सीमेवरचे प्रांत त्यांना खात होते.

भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी चार वेळा चुकीची शहरं वाचवत होतो."

खर्चाचे बाकीचे रस्तेही एकेक करून सापडले. राजधानीपासून शहर जितकं लांब तितका त्यातला भ्रष्टाचार जास्त आणि लोकांचा राग जास्त. रोम इटलीच्या मध्यावर, पण अर्धं साम्राज्य आल्प्सच्या पलीकडे. आम्ही राजधानी उत्तर इटलीत मेदिओलानमला, म्हणजे आजच्या मिलानला हलवली. खऱ्या सम्राटांनीही चौथ्या शतकात दरबार रोममध्ये ठेवलाच नव्हता. कधी मिलान, कधी जर्मनीच्या सीमेवरचं ट्रिअर, आणि ४०२ मध्ये होनोरिअसने तो दलदलीने वेढलेल्या रावेन्नाला नेला. हे मी पुस्तकात वाचलं होतं. का नेला असेल ते त्या रात्री कळलं.

शहरात शांतता ठेवायला किती शिपाई आहेत हे खेळ मोजतो, ते किती कसलेले आहेत हे मोजत नाही. तरीही आतल्या सुरक्षित शहरांत कोमितातेन्सेस, म्हणजे फिरत्या फौजेतले महागडे सैनिक, बसून होते. आम्ही त्यांना उचलून सीमेवर नेलं आणि त्यांच्या जागी जमेल तिथे स्वस्त गावकऱ्यांच्या तुकड्या ठेवल्या. निरुपयोगी गलबतं मोडीत काढली. दर खेळीला दोन-तीन शहरांचे कर चढवायचे, दोन-तीनांचे उतरवायचे. अशी दोन वर्षं, म्हणजे चार खेळ्या, आम्ही एकही लढाई लढलो नाही. भाचा वैतागला होता. पण घसरण मंदावली.

थांबली मात्र नाही. आणि मग तो विषय निघाला, ज्यासाठी मी हा लेख लिहिते आहे.

मी म्हटलं, ब्रिटन सोडू या. लॉन्डिनिअम आणि एबोराकम, आजची लंडन आणि यॉर्क. फौज परत आणू, इमारती पाडून मिळेल तेवढा पैसा वसूल करू आणि निघू. भाच्याने ठाम नकार दिला. "मावशी, हा जिंकायचा खेळ आहे. आपण स्वतःहून नकाशा लहान करायचा?" त्याचा चेहरा बघून मला आमच्या वसुलीतले कितीतरी चेहरे आठवले. वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा विकला तर बाकीची सुटते, हे माहीत असूनही माणूस सही करत नाही. तो तुकडा सर्वांत नापीक असला तरी नाही. त्याला मूर्ख म्हणण्याची हिंमत मला कधी झाली नाही. त्या तुकड्यावर त्याचा आजा राबलेला असतो.

मी भाच्याला पुरंदरच्या तहाची आठवण करून दिली. १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी मिर्झा राजांना तेवीस किल्ले दिले, चार लाख होनांच्या उत्पन्नाचा मुलूख दिला, आणि बारा किल्ले राखले. आपण शाळेत हे शिकतो तेव्हा पटकन पुढे जातो, आग्रा, सुटका, सिंहगड. पण ज्या दिवशी त्या तेवीस किल्ल्यांची यादी लिहिली गेली त्या दिवसाचा विचार मी नेहमी करते. कोणते बारा ठेवायचे हे कोणीतरी बसून ठरवलं असेल. एकेका नावावर बोट ठेवलं असेल. पाच वर्षांनी त्यातले किल्ले परत येऊ लागले, पण सही करताना ते कोणालाच माहीत नव्हतं.

भाचा त्या रात्री काही बोलला नाही. दुसऱ्या रात्री त्याने स्वतःच एबोराकमच्या इमारती पाडायला सुरुवात केली. फौज गलबतांवर चढली. दोन खेळ्यांनी शहरात बंड झालं. खेळात पश्चिम रोमविरुद्ध बंडखोरांचा स्वतंत्र पक्षच आहे, आणि ब्रिटन हातचं गेलं तर तिथे रोमी-ब्रिटिशांचं वेगळं राज्यही उभं राहू शकतं. इतक्या डावांत पहिल्यांदाच खजिन्याचा आकडा वर सरकला. आम्हा दोघांनाही त्याचा निखळ आनंद झाला नाही.

धर्माची गोष्ट मी थोडक्यात सांगते, कारण तिथे आम्ही चाचपडतच राहिलो. ज्या उन्हाळ्यात हा खेळ सुरू होतो त्याच उन्हाळ्यात, २६ जून ३६३ रोजी, इराणच्या मोहिमेत सम्राट ज्युलिअन भाल्याच्या जखमेने मेला. जुन्या देवांना मानणारा तो शेवटचा सम्राट. खेळातल्या साम्राज्यात तो दुभंग जिवंत आहे. अर्धी शहरं ख्रिस्ती, अर्धी जुन्या दैवतांची, आणि सुभेदारांचे धर्म वेगळेच. शहराचा धर्म एक आणि सुभेदाराचा दुसरा असला की राग वाढतो. देऊळ पाडून चर्च बांधलं तर आधी राग, मग हळूहळू शांतता. आम्ही मोठ्या शहरांच्या बहुमताच्या बाजूने गेलो आणि सुभेदारांच्या बदल्या केल्या. बदल्यांनी इमारतींपेक्षा जास्त काम केलं. हे माझ्या नोकरीच्या अनुभवाशी अगदी जुळणारं होतं.

आता टोळ्या. या पुरवणीचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते लोक, आणि हिची सर्वांत अवघड करामत. मूळ खेळात एखाद्या राज्याचं शेवटचं शहर घेतलं की ते संपतं. इथे तसं नाही. गॉथ, व्हँडल, हूण यांच्यासारख्यांचं शेवटचं गाव घेतलं की सगळी जमात पाठीवर संसार टाकून उठते. एका खेळीत नकाशावर सैन्यामागून सैन्य उभं राहतं, आणि भटकत असेपर्यंत त्या सैन्याला पोसण्याचा खर्च शून्य. गमवायला त्यांच्याजवळ काही उरलेलं नसतं. जे शहर लागेल ते लुटायचं किंवा त्यात राहायचं, एवढंच. भाच्याने तिसऱ्या डावात मोठ्या ईर्ष्येने व्हँडलांचं शेवटचं गाव जिंकलं होतं. पुढच्या खेळीला त्याच्या एका फौजेभोवती आठ फौजा होत्या.

मी हे ऐकलं तेव्हा मला १६८९ आठवलं. संभाजीराजे गेले, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला निघून गेले. कागदावर स्वराज्य संपलं होतं. मग संताजी आणि धनाजी कुठून कुठे उठतील याचा औरंगजेबाला पत्ता लागेना, आणि त्याची प्रचंड छावणी पुढची अठरा वर्षं दख्खनमध्ये खजिना खात बसली. राजधानी नसलेल्या शत्रूशी लढणं किती महाग पडतं हे आपल्या लोकांनी दुसऱ्या बाजूने पाहिलेलं आहे. इथे पडद्यावर मी औरंगजेबाच्या तंबूत बसले होते. ती जागा मला अजिबात आवडली नाही, पण तिथून दिसलं पुष्कळ.

आमचा नियम ठरला. शेवटचं गाव कोणाचंही घ्यायचं नाही. शत्रूला घर असू द्यायचं, म्हणजे त्याला गमवायला काहीतरी असतं. आणि टोळी आलीच तर तिला मैदानात भेटायचं नाही, पुलावर भेटायचं.

पुलावरच्या एका लढाईबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ३७९चा हिवाळा, ऱ्हाइनच्या दक्षिणेला एक नदी, समोर लोम्बार्डांची टोळी, आमच्याहून तिप्पट. आम्ही पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी अर्धवर्तुळात भालेवाले लावले. हे लिमितानेई, सीमेवरचे स्वस्त शिपाई. त्यांच्या मागे प्लुम्बातारी, शिसं भरलेले छोटे भाले फेकणारे, आणि दोन्ही बाजूंना थोडं घोडदळ. पूल अरुंद, त्यामुळे संख्येचा उपयोग नाही. पहिली दोन आक्रमणं पुलावरच विरली. मग भाचा ओरडला, "मावशी, डावीकडे बघ." हलक्या तुकड्या थेट पाण्यात उतरल्या होत्या आणि पोहून येत होत्या. ही या पुरवणीने घातलेली नवी भर, चिलखत नसलेल्या काही सैनिकांना पोहता येतं. इतक्या वर्षांत मूळ खेळ खेळताना त्याने पूल म्हणजे बंद दार असं गृहीत धरलं होतं. डावीकडचं घोडदळ त्यांच्यावर घातलं, ते ओल्या अंगाने काठावर चढत असतानाच. सेनापती स्वतः त्यात गेला आणि मेला. भालेवाल्यांची रांग दोन जागी वाकली, एकदा मागे सरली, पण तुटली नाही. सूर्य मावळतानाचा तो पडदा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पूल प्रेतांनी भरलेला आणि उरलेले ऐंशी-नव्वद लिमितानेई तिथेच उभे. सगळ्यांत कमी पगाराचे लोक.

त्या रात्री भाच्याने जुना डाव पुन्हा उघडून सेनापतीला वाचवायचा विषय काढला. खेळात ते करता येतं. आधी जपून ठेवलेली स्थिती उघडायची आणि लढाई पुन्हा खेळायची. आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं की मागे जायचं नाही. माझा आग्रह होता तो. जे झालं त्यासकट पुढे जायचं, नाहीतर या अवघड खेळात शिकण्यासारखं काही उरत नाही. त्याने मान्य केलं. सेनापतीचा मुलगा सतरा वर्षांचा होता, त्याला आम्ही गॉलचा सुभा दिला.

इथे खेळाशी माझं एक भांडण आहे, आणि ते मला मनापासून मांडायचं आहे. खेळात टोळी म्हणजे फक्त तलवारी. इतिहासात ३७६ मध्ये डॅन्यूबच्या काठावर जे गॉथ येऊन उभे राहिले ते हूणांच्या भीतीने पळून आलेले निर्वासित होते, बायकामुलांसकट. त्यांनी आत येऊ देण्याची विनंती केली, सम्राट व्हॅलेन्सने परवानगी दिली. मग लुपिसिनस आणि मॅक्सिमस या दोन रोमी अधिकाऱ्यांनी त्यांच्या भुकेवर धंदा मांडला. अम्मिआनस मार्सेलिनस हा त्या काळचा इतिहासकार, स्वतः सैनिक होता. तो लिहितो की खायला कुत्री देऊन त्यांच्या बदल्यात एकेक माणूस गुलाम म्हणून घेतला जात होता. दोन वर्षांनी, ९ ऑगस्ट ३७८ रोजी, आद्रिआनोपलला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एदिर्नेला, त्याच गॉथांनी पूर्व रोमच्या फौजेचे दोन तृतीयांश लोक कापले. व्हॅलेन्स मारला गेला. त्याचं प्रेतही सापडलं नाही. एखादा प्रामाणिक पुरवठा अधिकारी नेमला असता तर ती लढाई कदाचित झालीच नसती. ३८२ मध्ये सम्राट थिओडोसिअसला अखेर त्यांच्याशी तह करून जमीन द्यावी लागलीच. सहा वर्षं आणि एक सम्राट खर्ची घालून.

या खेळात टोळीला जमीन देऊन वसवण्याचा तसा मार्ग मला सापडला नाही. धान्य देण्याचाही नाही. ज्यांनी खजिना, पगार, भ्रष्टाचार आणि धर्म इतक्या बारकाईने खेळात आणला, त्यांनी ही एक गोष्ट आणायला हवी होती.

आफ्रिका हा आमच्या डावाचा कणा होता, आणि खऱ्या पश्चिम रोमचाही. कार्थेजच्या भोवतीचा मुलूख म्हणजे इटलीचं धान्याचं कोठार. ४२९ मध्ये गाइसेरिकच्या नेतृत्वाखाली व्हँडल स्पेनमधून समुद्र ओलांडून तिथे उतरले आणि १९ ऑक्टोबर ४३९ रोजी त्यांनी कार्थेज घेतलं. त्यानंतर काय झालं ते सम्राटाच्या कायद्यातच दिसतं. ४४४च्या सुमारास तिसऱ्या व्हॅलेन्टिनिअनने विक्रीवर चोविसाव्या हिश्शाचा नवा कर बसवला, आणि त्या हुकुमात उघड कबुली दिली की आहे त्या महसुलातून सैनिकांच्या अन्नवस्त्राचीही सोय होत नाही. मी तो उल्लेख वाचला तेव्हा मला ताळेबंदाखालचा तपासनिसाचा शेरा आठवला. साम्राज्य ४७६ मध्ये बुडालं असं आपण म्हणतो. सेनापती ओडोएकरने त्या वर्षी रोमुलस ऑगस्टुलस नावाच्या पोराला गादीवरून उतरवलं खरं, पण हिशेबाच्या वहीत ते कार्थेजबरोबरच बुडालेलं होतं. ४६८ मध्ये पूर्व रोमने कार्थेज परत घ्यायला प्रचंड आरमार पाठवलं. गाइसेरिकने पेटती गलबतं सोडून ते जाळलं. मग पुन्हा प्रयत्न करायला काही उरलं नाही.

म्हणून आम्ही ब्रिटन सोडलं, पुढे उत्तर गॉलचा एक तुकडाही सोडला, पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गलबतांचा एक ताफा कायम ठेवला. भाच्याला तो खर्च शेवटपर्यंत खटकत राहिला, कारण त्या ताफ्याला लढण्याची वेळच आली नाही.

सेनापतींचं मात्र खेळाने फार खरं दाखवलं आहे. इथे प्रत्येकाला निष्ठा असते आणि ती कमीजास्त होते. लढाया जिंकणारा, लांबच्या सुभ्यात मोठी फौज घेऊन बसलेला माणूस कधी फिरेल सांगता येत नाही. घर फिरलं की घराचे वासे फिरतात तसं एका शहराच्या बंडात सेनापतीही जातो. पश्चिम रोमला शेवटच्या शतकात दोन मोठे सेनापती मिळाले. पहिला स्टिलिको. इटली वाचवायला त्याने ऱ्हाइनवरची फौज काढून आणली, तीही आमच्यासारखीच सोडून देण्याची खेळी. त्याला २२ ऑगस्ट ४०८ रोजी रावेन्नात ठार करण्यात आलं. दुसरा एटिअस, ४५१ मध्ये गॉलमध्ये हूणांच्या अटिलाला थोपवणारा. त्याला तीन वर्षांनी सम्राटाने स्वतःच्या हाताने भोसकलं. भाचा एका सेनापतीची निष्ठा दोनवर आलेली बघून त्याला एकट्यालाच धोक्याच्या लढाईत पाठवू या म्हणाला. मी नाही म्हटलं. मग आम्ही त्याला राजधानीत बोलावून घेतलं आणि तो म्हातारा होऊन मेला.

स्टिलिको गेल्यावर काही महिन्यांतच गॉथांचा सरदार अलारिक याने रोमला वेढा घातला. शहर सोडण्यासाठी त्याने मागितलेल्या यादीत ५,००० पौंड सोनं, ३०,००० पौंड चांदी, ४,००० रेशमी अंगरखे होते, आणि ३,००० पौंड मिरी. ही मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून आलेली. अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त असा प्रवास करून गेलेली. वेढलेल्या, उपाशी शहरात ती इतकी साठलेली होती, की गॉथांच्या सरदारालाही ती हवीशी वाटावी. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो मसाल्याच्या डब्याकडे बघून हसला. पश्चिम रोम शेवटचे श्वास घेत होतं त्याच दशकांत इकडे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव अजिंठ्याचं सोळावं लेणं खोदवून घेत होता. मी दोन्ही ठिकाणची सालं एका कागदावर लिहून फ्रीजवर लावली होती. तो कागद अजून तिथे आहे.

ऑगस्टमध्ये आमच्या डावात ४१० साल आलं. खऱ्या रोममध्ये त्या वर्षी २४ ऑगस्टला अलारिक आत शिरला होता. आमच्या रोमच्या भिंती शाबूत होत्या. साम्राज्य सुरुवातीच्या दोन तृतीयांश उरलं होतं, खजिना जमेचा होता, आणि पूर्वेकडून हूण येत होते. भाच्याचं परतीचं तिकीट झालं होतं.

शेवटच्या रात्री तो म्हणाला, "ब्रिटनमध्ये काय झालं असेल?" खेळात आपली नजर जिथे नाही तो मुलूख काळसर झाकलेला असतो. चाळीस वर्षं आम्ही तिकडे बघितलंही नव्हतं. त्याने एक वकील गलबतावर चढवला. कामाचा नव्हता तो, वय झालेलं. तीन खेळ्या समुद्रात गेल्या. मग तो दक्षिण किनाऱ्यावर उतरला आणि धुकं थोडं मागे हटलं. लॉन्डिनिअमवर रोमी-ब्रिटिशांचा झेंडा होता. आमच्याहून वेगळा, पण आमच्या जुन्या झेंड्याच्या नात्यातला. शहर लहान झालं होतं. आम्ही पाडलेल्या इमारतींपैकी एक कोणीतरी पुन्हा बांधली होती.

भाच्याने वकिलाला एबोराकमकडे पाठवलं. मधला मुलूख मोकळा होता, फक्त आम्ही कधीतरी बांधलेला दगडी रस्ता नकाशावर तसाच होता. त्यावरून म्हातारा वकील भराभर उत्तरेकडे चालू लागला.